सहभोजनाचं बिल

एका पंगतीत जेवलं की माणसामाणसांतलं अंतर मिटतं, असं मी पुस्तकांत वाचलं होतं. माझा त्यावर विश्वासही होता. साहेबांच्या प्रमोशनची पार्टी चंद्रपूरच्या एका एसी हॉटेलात झाली. आमचं अख्खं ऑफिस एका लांब टेबलाला बसून जेवलं. अंतर खरंच मिटलं. मग बिल आलं आणि हातोहात सरकत बरोबर माझ्यासमोर येऊन थांबलं.

"तू स्वाईप कर बे, मंग हिशेब करू," हेडक्लार्क म्हणाले. हे नेहमीचंच होतं. तो हिशेब आजवर कधी झाला नव्हता.

वेटरने मशीनमध्ये कार्ड घातलं. मशीनने नाही म्हटलं. पुन्हा घातलं. पुन्हा नाही.

साहेब दात कोरत होते. म्हणाले, "याचं कार्ड बी कोट्यातलंच दिसते. नुसतं दाखवाले. चालत नाई."

टेबल हसलं. वेटर खाली बघत होता. मीही हसलो. साहेबांच्या वाक्यापेक्षा मला त्या हसण्याची किळस जास्त येते. आजही येते. बिल मी दुसऱ्या कार्डाने भरलं. हो, दोन होती.

पहिलं घेतलं ते एका शब्दापायी. आम्ही जंगलातल्या गावचे गोंड. बाबा वनहक्काच्या दाव्यात अपात्र. आई घरकुलाच्या यादीत अपात्र. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आमचं नाव लागायचं ते या एका शब्दासकट. मला नोकरी लागली आणि बँकेचा मेसेज आला : अभिनंदन! आपण क्रेडिट कार्डासाठी पात्र आहात. बाबांनी तो माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. पात्र झालेल्या माणसाने मग सोफा घेतला, भिंतभर टीव्ही घेतला, आणि ऑफिसला जेवू घातलं. दर महिन्याला किमान रक्कम भरायची. ती भरली की माणूस सभ्य राहतो आणि कर्ज जसंच्या तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"ते हसले, ठीक आहे. तुमी काऊन हसले?"

मी तिच्या तांदळातले खडे वेचायला लागलो.

"मंग आता हसणं बंद. अन् थो टीव्ही इका."

टीव्ही विकला. सोफाही विकला, घेणाऱ्याने वर टेम्पोचं भाडं मागितलं. गावाहून तांदूळ आणि लाखोरीची डाळ यायला लागली. घरामागे अंबाडी, वाल, दोडके लावले. उन्हाळ्यात बायकोने वांग्याच्या फोडी वाळवल्या, पावसाळाभर त्याच खाल्ल्या. फोडणीचं तेल चमच्याने. दिवाळीला कपडे नाहीत. वाचेल तो पैसा कार्डांच्या तोंडात. काटकसरीचं गुणगान करणारे लेख मी वाचले आहेत. लिहिणाऱ्यांनी वाळलेलं वांगं खाल्लेलं नसतं.

ऑफिसात डबा उघडला की हेडक्लार्क डोकावायचे. "जंगल आणलं का बे डब्यात?"

"हो. बसता काय?"

बसायचे नाहीत.

मग साहेबांनी बंगला बांधला. वास्तुशांतीला ऑफिसतर्फे चांदीचं ताट द्यायचं ठरलं. हेडक्लार्क पाकीट घेऊन टेबलाटेबलाशी फिरले.

"मी देत नाई," मी म्हणालो.

"काऊन?"

"मले अजून त्यांच्या पार्टीचंच फेडाचं आहे."

साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. कोणीच हसलं नाही.

पुढच्याच बदल्यांत माझं नाव निघालं. पार गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंच्याकडे. हेडक्लार्क जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "साहेबाले एकडाव घरी जाऊन भेट. पाकीट घेऊन जाजो. कॅन्सल होते."

गेलो नाही. मला पात्र ठरवण्याचा हक्क मी यापुढे कोणालाही देणार नाही. बँकेला नाही, साहेबाला नाही. कोणाच्या टेबलाला जागा मिळावी म्हणून पैसा देणार नाही, आणि हसून तर मुळीच देणार नाही.

सामान टेम्पोत चढवलं त्या दिवशी ऑफिसातले लोक मयतीला आल्यासारखे चेहरे करून उभे होते. नक्षलग्रस्त भाग म्हणून सिरोंच्याकडे पगारावर जादा भत्ता मिळतो. दोन्ही कार्डांचं उरलेलं देणं त्यातून फिटलं.