मंजिरीचा बॉयलर आणि बदनाम झालेला हेमी

"काका, दिवाच लागत नाहीये हो," मंजिरी फोनवर म्हणाली. "बटण दाबते तर आवाज नाही, वाफ नाही, काही नाही. आणि चार वाजता नवरीकडचे साड्या न्यायला येणारेत."

पापाकुरातल्या माझ्या घरून गाडी काढली तेव्हा मी मनातून खूश होतो, हे आधीच सांगून टाकतो. रिटायर झालेल्या बॉयलरवाल्याला बॉयलरसाठी बोलावणं येणं म्हणजे काय, ते रिटायर झालेल्यालाच कळेल. आधी भोसरीचा कारखाना, मग इथली एक मोठी लाँड्री, आयुष्यभर मी वाफच सांभाळली. आता घरात मला कुणी कुकरलाही हात लावू देत नाही.

मंजिरी आणि तिचा नवरा शिरीष जवळच्या फ्लॅट बुश उपनगरात राहतात. दोघं आपल्याकडून इथे परदेशात शिकायला आले आणि इथलेच झाले. मंजिरी गॅरेजमध्ये साड्यांचं काम करते. निऱ्या आणि पदर आधीच घालून, कडक इस्त्री करून, पिनांसकट घडी देते. नेसायला दोन मिनिटं. त्यासाठी तिच्याकडे छोटा स्टीम बॉयलर आहे. म्हणजे पाण्याची एक टाकी, तिच्यात हीटर, आणि नळीने जोडलेली इस्त्री. आदल्याच दिवशी हेमी नावाच्या, इथल्या मूळ माओरी समाजातल्या इलेक्ट्रिशियनने त्याला वेगळी लाइन टाकून दिली होती. संध्याकाळी आम्ही नवरा-बायको तिथेच जेवायला होतो. तेव्हा बॉयलर मस्त फुसफुसत होता.

मी पोचलो तेव्हा शिरीष गॅरेजमध्ये येरझाऱ्या घालत होता.

"मी हिला म्हटलं होतं काका, आपला माणूस बघू. पण हिला हेमीच हवा होता."

"तो चांगलं काम करतो," मंजिरी म्हणाली.

"दिसतंय की!"

आता नियम असा आहे: मशीनमध्ये जीवच नसेल तर आधी बघायचं, वीज मशीनपर्यंत पोचते का. मी शिकाऊ पोरांना हे ओरडून शिकवलं आहे. पण समोर दोन माणसं श्वास रोखून उभी असली की सोपी तपासणी करायला लाज वाटते. बोर्डावरचा फ्यूज तेवढा पाहिला. तो ठीक होता. मग थेट मशीनचं झाकण उघडलं. इथल्या नियमाने मला त्याला हात लावायचाही अधिकार नव्हता, पण कौतुकापुढे कायदा आठवत नाही.

टाकीत पाणी कमी असेल तर एक काडीसारखा सेन्सर हीटर चालू होऊ देत नाही. तो पाहिला. पाणी भरपूर. मशीन फार तापलं की एक छोटं बटण उडतं, ते पुन्हा दाबावं लागतं. तेही पाहिलं. दाबलेलंच होतं. दाबाचा स्विच पाहिला. तोही ठीक. मी मधूनमधून "हं" म्हणत होतो. माझ्या प्रत्येक "हं"ला शिरीष मान डोलवत होता.

"चहा टाकते," म्हणत मंजिरी आत गेली. कप काढायला शिरीषही गेला.

मी एकटा राहिलो तेव्हा अक्कल परत आली. मशीनकडून येणारी केबल हाताने धरून मागे मागे गेलो. ती साड्यांच्या स्टँडमागे भिंतीवर चढली होती. शालू बाजूला केला. तिथे आयसोलेटर होता. म्हणजे मशीनची वीज पूर्ण तोडणारा मोठा स्विच. तो बंद होता.

आणि मला आदली संध्याकाळ आठवली. आमच्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, गॅरेजमध्ये काढल्या होत्या. बायकोचं निघताना बोलणं दारात उभ्याने बराच वेळ चालतं. ते ऐकत मी जँडल्स घातल्या आणि इकडेतिकडे पाहिलं. कारखान्यातली शिस्त अशी, की शेवटी निघणाऱ्याने मेन बंद करायचा. हात आपोआप वर गेला होता.

मी खटका ओढला. मशीनवर हिरवा दिवा लागला. दोघं धावत आले.

"लागलं! काका, काय होतं?"

खरं सांगायला चार शब्द पुरले असते. तोंडातून दोनच बाहेर आले. "लूज कनेक्शन."

"म्हणजे हेमीचीच चूक," शिरीष म्हणाला.

मी चहा घेतला. उत्तम झाला होता.

साड्या वेळेवर गेल्या. हेमीचं नाव मात्र आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेलं. शिरीषने लिहिलं की काम कच्चं, सावध राहा. खाली माझ्या नावाने जोडलेले हात आणि अंगठे यांची चित्रं पडली. हेमीला बिचाऱ्याला हे कळलं तेव्हा तो स्वतःहून मंजिरीकडे आला. नेमका मीही तिथे होतो.

"अंकल, कुठली वायर लूज होती? मला दाखवा."

मी बोट दाखवलं. पहिली दिसली ती. त्याने ती ओढून पाहिली, मान खाली घातली, आणि तिच्यासकट सगळ्या वायरींचे स्क्रू पुन्हा आवळले. "सॉरी," तो मंजिरीला म्हणाला. "आता प्रत्येक वायर दोनदा ओढून बघेन." मला म्हणाला, "थँक्यू, अंकल."

त्यानंतर मला नीट झोप लागेना. त्यातच मंडळाने पापाटोएटोच्या हॉलमधलं स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरवलं. मोठं वायरिंग होतं. हेमीने काम मागितलं होतं, आणि त्याला त्याची गरज होती हे मंजिरीकडून कळलं होतं. मीटिंगमध्ये शिरीष उठला. "काकांचा अनुभव सगळ्यांना माहीत आहेच. हेमी नको."

मी उभा राहिलो. "लूज काही नव्हतं. स्विच बंद होता. तो मीच बंद केला होता."

 शिरीष सगळ्यांकडे वळला.

"बघा! दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतात. अशी माणसं राहिली नाहीत."

टाळ्या पडल्या. मी "अहो, खरंच" म्हणत राहिलो, तसतशा त्या वाढल्या. माझ्या खोट्यावर सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला होता. खऱ्याला पुरावा हवा होता.

तेव्हा मागच्या रांगेतून माझी बायको उठली.

"मोठं मन वगैरे काही नाही," ती म्हणाली. "यांनीच बंद केला. मी मागेच उभी होते. आमचा फ्रीजसुद्धा हे दोनदा बंद करून बाहेर पडलेत. एकदा आत श्रीखंड होतं."

श्रीखंड ऐकल्यावर कुणाला शंका उरली नाही.

"काकू, मग तेव्हाच का नाही बोललात?" मंजिरीने विचारलं.

"मला कुणी विचारलं? एक्स्पर्ट हे."

शिरीषने तिथल्या तिथे ग्रुपवर माफी लिहिली. काम हेमीला मिळालं. मी त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "मी कितीतरी आठवडे त्या वायरचा विचार करत होतो, अंकल." हसला तो नंतर. हसला नसता तरी चाललं असतं.

हॉलमध्ये त्याने आयसोलेटर माझा हात पोचणार नाही इतका वर बसवला आहे आणि त्याला कुलूप लावलं आहे. चावी माझ्या बायकोकडे असते.

मशीन बंद पडलं की आधी विचारावं, इथून शेवटचं कोण गेलं. कारखान्यात हा प्रश्न मी रोज विचारायचो. अर्थात, दुसऱ्यांना.