गुळण्या करणारी मशीन

आमच्या दुकानात मशीन गोणीतून येते. खताच्या रिकाम्या गोणीत इंजिन, चेनची लांब पट्टी, चेन सगळं एकत्र कोंबलेलं असतं आणि तळाशी भुसा आणि तेल यांचा काळा लगदा. या मोठ्या चेनसॉ ठेकेदारांनी वापरून वापरून टाकून दिलेल्या असतात आणि बाबा त्या मुंबईकडच्या भंगारवाल्यांकडून उचलतात. इकडे चेनसॉ कोणी म्हणत नाही. नुसतं मशीन म्हटलं की ती झाड कापायचीच. दहिवलीतल्या दुकानासमोर बाबा गोणी उलटी करतात, लगद्यात बोटं घालून एखादा सुटलेला स्क्रू मिळतो का बघतात आणि कामाला लागतात. इंजिन उघडतात, पिस्टन बदलतात, कार्बोरेटर धुतात. मशीन पुन्हा उभी राहिली की ती विकायची.

विकण्याची आमची एक पद्धत आहे. दुकानासमोर निलगिरीचा एक लांब ओंडका आडवा ठेवलेला असतो. घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने त्याची एक चकती कापायची. ती सरळ आणि गुळगुळीत निघाली की सौदा झाला. चकती दुकानात राहते. अशा चकत्यांवर आम्ही बसतो, चहाचे कप ठेवतो. भिसेगावला घरी आईच्या कुंड्यांखालीही त्याच आहेत.

मी दुकानात आले ती फोटो काढायला. खालापूरजवळच्या एका ऑफिसात काही महिने कॉम्प्युटरवर बसत होते. ते ऑफिस पुण्याकडे गेलं आणि मी घरी आले. मग मशीनचे फोटो काढून, माहिती लिहून फोनवर टाकायचं काम मी घेतलं. ते मला जमलं, कारण लिहायला तोंड लागत नाही. माझी जागा पत्र्याच्या पार्टिशनमागे होती. गिऱ्हाईक मध्येच डोकावून म्हणायचं, "इंग्लिश शालेत घातली, मराठी इसरली काय गं?" मी हसायचे. विसरले नव्हते. फक्त माझं वाक्य तयार होईपर्यंत त्यांचं बोलणं दुसऱ्याच विषयावर गेलेलं असायचं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर विकलेली एक मशीन परत आली. फार्महाउसवाल्यांची झाडं तोडून देणारा खालापूरकडचा एक जाडजूड माणूस ती घेऊन आला आणि ओंडक्यावर आपटून म्हणाला, "मिस्त्री, ही तुमची मशीन. दोन आंबे तोडले नि बसली. उठायचं नावच घेत नाय."

"ऑइल कमी घातलं असशील."

"मी? माज्या बापाशी पन यवडं मापून नाय वागलो, जेवडं त्या ऑइलशी वागतो."

बाबांनी मशीन उघडली. पिस्टनवर उभे ओरखडे होते, कोणी काट्याने खरवडल्यासारखे. नवा पिस्टन टाकून त्यांनी ती परत दिली. होळीच्या सुमारास दुसरी मशीन आली, वेगळ्या माणसाची. ओरखडे तसेच. त्या दिवशी घरी जेवताना बाबा आईला म्हणाले, "आता तिसरी आली ना, तर शटर खाली. लोकांच्या पोटावर पाय देऊन नाय धंदा करायचा."

बाबा असं सहज बोलत नाहीत. आईने त्यांच्या ताटात वाढायचा भात तसाच हातात धरून ठेवला.

ओरखडे कशाने येतात हे मला माहीत होतं, कारण ते मला बाबांनीच शिकवलं होतं. या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळतात. कार्बोरेटरला बारीक स्क्रू असतो. तो जास्त आवळला की पेट्रोल कमी जातं, म्हणजे तेलही कमी जातं आणि पिस्टन कोरडा घासतो. स्क्रू नेमका किती आवळायचा हे कानाने ठरवायचं. मी शाळेत असताना दुपारी दुकानात बसायचे तेव्हा बाबा मशीन पूर्ण रेस करून मला विचारायचे, "गुळण्या करते का?" बरोबर लागलेली मशीन हवेत धरून रेस केली की तिचा आवाज थोडा फुटतो, घशात पाणी घोळवल्यासारखा. लाकडात शिरली की तोच आवाज स्वच्छ होतो. हवेतच स्वच्छ आणि बारीक वाजली, तर समजायचं की तिला पेट्रोल कमी पडतंय.

पार्टिशनमागे बसून मी बरेच महिने ऐकत होते. बाबांच्या मशीन आता गुळण्या करत नव्हत्या. सगळ्या डासासारख्या वाजत होत्या.

आणि घरी टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. आई "भाजीत मीठ आहे का?" विचारायची आणि बाबा म्हणायचे, "सकाळीच आणलंय." आईला वाटायचं, त्यांचं लक्ष नाही. मला मात्र दोन गोष्टी हळूहळू जुळताना दिसल्या. इतकी वर्षं कानाला काही न लावता त्या मशीनजवळ उभं राहून बाबांचे कान गेले होते. आवाज त्यांना मंद वाटायचा, म्हणून तो स्पष्ट ऐकू येईपर्यंत ते स्क्रू आवळत राहायचे. चकती मात्र छान निघायची. चकती चेनच्या धारेवर निघते आणि बाबांसारखी धार आमच्याकडे कोणी लावत नाही. त्या गुळगुळीत चकतीकडे बघून गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि बाबांनाही वाटायचं, सगळं ठीक आहे.

हे त्यांना कसं सांगायचं, ते मला सुचत नव्हतं. मी वाक्यं तयार करत होते आणि पुसत होते.

चैत्र संपता संपता कशेळ्याच्या वरच्या एका वाडीतून एक जोडपं आलं. तो वर्षानुवर्षं ठेकेदारांची मशीन चालवत आलेला आणि ती फांद्या ओढणारी, मोळ्या बांधणारी. आता पावसाआधी लोक घरांवर आलेल्या फांद्या उतरवतात, त्या कामासाठी त्यांना स्वतःची मशीन हवी होती. जीपमधून उतरल्याबरोबर बाईने सगळ्या मशीनवर नजर फिरवली, एका चकतीवर बसली आणि मला म्हणाली, "बाय, यातली कंची रुसत नाय?"

मी बोट दाखवलं. ती मशीन मला आवडायची. तिच्या हँडलचा रबर मी स्वतः बसवला होता.

बाबांनी ती काढली, दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला चालू झाली. मग रेस करून त्यांनी खिशातला छोटा स्क्रू ड्रायव्हर लावला. आधी गुळण्या होत्या. मी नीट ऐकल्या. बाबांनी स्क्रू थोडा फिरवला, मान तिरकी केली, अजून थोडा फिरवला. गुळण्या गेल्या. बारीक, सरळ आवाज उरला आणि बाबांचा चेहरा समाधानी झाला.

त्या माणसाने चकती कापली. निलगिरीचा वास सुटला. चकती इतकी सुरेख निघाली की बाईने ती उचलून गालाला लावून बघितली. "पोलपाट व्हईल गं याचा," ती म्हणाली.

"घ्या मग," बाबा म्हणाले. "बिनघोर घ्या."

मी पार्टिशनमागून बाहेर आले. "बाबा," मी म्हटलं, "ती गुळण्या करत नाहीये."

मशीन अजून सावकाश चालू होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. "हां, चहा सांग ना. चार सांग."

"चहा नाही. गुळण्या."

"साखर कमी सांग एक."

बाईला हसू आलं. तो माणूस मशीन हातात धरून आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. मी बाबांच्या जवळ गेले. हळू आवाजात सांगायचं म्हणून किती दिवस जुळवलेलं ते सगळं वाक्य अशा वेळी काही उपयोगाचं नव्हतं. मी ओरडले.

"बाबा, गुळण्या नाहीत! तुम्ही जास्त आवळलाय!"

समोरच्या पंक्चरवाल्याने टायर सोडून मान वर केली. रस्त्यावरची एक रिक्षा हळू झाली. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाही तेव्हाच कळलं.

"आगं बया," वाडीवरची बाई म्हणाली, "ही बोलती की! मला वाटलं, मुकी हाय."

त्या माणसाने मशीन बंद केली. अचानक खूप शांत झालं. बाबांचा चेहरा लाल झाला होता. गिऱ्हाइकासमोर, स्वतःच्या दुकानात. ते माझ्यावर रागावतील असं मला वाटलं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. बाकावर कोपऱ्यात दोन जुने पिस्टन पडले होते, ओरखड्यांचे, दोन्ही परत आलेल्या मशीनमधले. टाकायचे म्हणून काढलेले आणि टाकलेले नाहीत. बाबा तिकडे बघत होते.

"त्या पन अशाच वाजत होत्या?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. मग लक्षात आलं की ते बघत नाहीयेत आणि मोठ्याने म्हणाले, "हो."

"दोनी?"

"दोन्ही."

मग खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. "लाव तू."

मी याआधी कधी गिऱ्हाइकासमोर स्क्रूला हात लावला नव्हता. त्या माणसाने दोरी ओढली, रेस धरली. मी स्क्रू सोडत गेले, केसभर, अजून केसभर. आवाज जाडा झाला, मग फुटला. मी हात वर केला. त्याने ओंडक्यात मशीन घातली आणि आत गेल्याबरोबर तिचा घसा साफ झाला. दुसरी चकती पडली.

"हातात हलकी लागते आता," तो म्हणाला. एवढंच बोलला. बाईने दोन्ही चकत्या जोडून पाहिल्या, त्यात तिला काही फरक दिसला नाही. "मला येकसारख्याच दिसतात बाबा," ती म्हणाली आणि पहिली चकती पोळपाटासाठी मागून घेतली. आमच्या पद्धतीत ते बसत नव्हतं, पण बाबांनी दिली.

त्यानंतरचे महिने सोपे नव्हते. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलायचे. मशीन रेस करायचे, मी आतून बाहेर यायचे, हात वर करायचे किंवा नाही करायचे. ते आवळायचे, सोडायचे. शटर खाली करायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, पण नवी गोणीही आणली नाही. ते कशाची वाट बघतायत हे मला माहीत होतं. कशेळ्याकडून येणारी जीप दुकानासमोरून गेली की त्यांचा हात थांबायचा.

गणपतीच्या आधी ती थांबली. बाई पुढे बसली होती, मांडीवर गोणी. बाबांनी ती गोणी बघितली आणि हातातली कानस खाली ठेवली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काय व्हायचं?" बाई म्हणाली. "धार गेली. दगडाला लावली यांनी. मी सांगत व्हती, खाली दगड हाय, खाली दगड हाय. ऐकतंय कोन!"

"आनि इंजिन?"

"ते काय, बोंबलतंय रोज."

बाबांनी चेनकडे बघितलंही नाही. आधी मफलर, म्हणजे धूर सोडणारा डबा, काढला. त्यामागच्या भोकातून पिस्टन दिसतो. टॉर्च लावून, दोरी सावकाश ओढत त्यांनी तो वरखाली केला. मग टॉर्च माझ्या हातात दिली. मी वाकून बघितलं. पिस्टन स्वच्छ होता, चमच्याच्या पाठीसारखा चमकत होता. एकही उभी रेघ नव्हती.

"काय गं?" बाबांनी विचारलं.

"छान आहे!" मी मोठ्याने म्हटलं.

"आगं, हळू बोल, पावनी बसलीत," बाबा म्हणाले आणि हसले. किती दिवसांनी.

धार लावताना त्यांनी बाईला चहा पाजला, पोळपाटाची चौकशी केली. जीप गेल्यावर भंगारवाल्याला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "तूच बोल. मला त्याचं काय समजत नाय." मी फोन कानाला लावला. पलीकडचा माणूस भरभर हिंदीत बोलत होता. वाक्य तयार करायला वेळ नव्हता. मी तीन गोण्या सांगितल्या.

पुढच्या सोमवारी बाबांचे कान दाखवायला जायचं ठरलंय. मशीन लावायचं काम मात्र माझ्याकडेच राहील, असं ते आत्ताच सांगून मोकळे झालेत. पार्टिशनचा पत्रा काढून त्याचा त्यांनी ओंडक्यावर आडोसा केलाय, पावसात लाकूड भिजू नये म्हणून.