कायमचा पत्ता

खुर्चीवाला एकोणीस वर्षं हंगामी होता. हंगामी म्हणजे वर्षातून दोन महिने कामाला, असं समजू नका. बाराही महिने राबायचा. पण कचेरीचा नियमच असा, की हंगामी माणसाला सहा महिन्यांसाठी घ्यायचं, सहा महिने भरले की एक दिवस काढून टाकायचं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर पुन्हा घ्यायचं. म्हणजे ‘मी इतकी वर्षं सलग इथे आहे’ असं म्हणायला त्याला तोंड राहत नाही. या मधल्या एका दिवसाला कचेरीत ‘खंड’ म्हणत. खंडाच्या दिवशी खुर्चीवाला कुणीच नसायचा. ज्या पहारेकऱ्याने आदल्या संध्याकाळी त्याच्याकडून स्टूल ठोकून घेतलेलं, तोच फाटकावर हात आडवा धरून विचारायचा, “कोण पाहिजे?”

चार मजली कचेरी, सातशेवर खुर्च्या. जिन्याखालच्या बुटक्या खोलीत बसून हा त्यांचे पाय बसवायचा, वेत विणायचा, चाकं बदलायचा. खुर्ची कुठे कुरकुरते त्यावरून माणूस ओळखायचा. स्वतः मात्र उपड्या खोक्यावर बसायचा, कारण हंगामी माणसाला खुर्ची मंजूर नव्हती. आता बोला!

अशा माणसाच्या नाकाच्या शेंड्यावर राग नसेल तर कुठे असेल? प्रत्येक स्क्रू तो कुणाचं तरी नाव घेऊन पिळायचा. हसण्याचं त्याने पुढे ढकललं होतं. “आधी कायम होऊ दे, मग हसू,” असं तो लग्नाच्या फोटोतसुद्धा म्हणाला होता, आणि फोटोत तसाच आलाय, कोर्टात उभा केल्यासारखा. बायको म्हणायची, “माझं लग्न माणसाशी झालंय की पडून राहिलेल्या अर्जाशी, तेच कळत नाही.”

तिलाही तो कायम व्हायला हवाच होता. छापखान्याच्या मागच्या दीड खोलीत ते राहत. यंत्र सुरू झालं की फळीवरची भांडी चालायला लागत. तिने प्रत्येक भांड्याखाली फडक्याची घडी घातली होती, तरी दुपारपर्यंत कडेच्या पातेल्याला दोनदा मागे सारावं लागे. कायम माणसाला कचेरीच्या वसाहतीत दोन खोल्या मिळत. तिचा धाकटा भाऊ त्याच कचेरीत कायम होता, आणि त्याच्या घरची भांडी जागच्या जागी राहत. हे ती महिन्यातून एकदा तरी सांगायचीच.

तर असाच एक खंडाचा दिवस. कचेरीत मज्जाव, आणि घरी हा दिवसभर कुरकुरतो म्हणून बायकोने सकाळीच बजावलेलं, “जरा पाय मोकळे करून या, माझ्या पायात पायात येऊ नका.” खुर्चीवाला रस्त्याने चालला होता, तोच एका उघड्या दारातून कर्रर्र असा आवाज आला. बाक. मागचा डावा पाय आखूड. आत कुणीतरी बूड हलवलं, पुन्हा कर्रर्र. त्याला राहवेना. आत शिरला, तर ते चर्च निघालं. दहा-बारा माणसं बसलेली, आणि पुढे एक किडकिडीत पाळक तावातावाने बोलत होते. खुर्चीवाल्याने इकडेतिकडे पाहिलं, खिशातला पेचकस काढला आणि सरळ बाकाखाली शिरला.

खाली पडल्या पडल्या कानावर पडेल ते पडत होतं. त्याचं लक्ष नव्हतं. इतक्यात पाळकांचा आवाज चढला. “ज्याने तुम्हाला आपलं म्हटलंय ना, त्याने कायमचं म्हटलंय! एका दिवसाचाही खंड नाही!”

ठाण्! डोकं बाकावर आपटलं. बाकाखालून आवाज आला, “कोणाच्या सहीने?”

सगळं चर्च वाकून बघायला लागलं.

प्रार्थना संपल्यावर पाळकांनी त्याला मागच्या खोलीत नेऊन कपाळावर ओलं फडकं ठेवलं, चहा दिला. खुर्चीवाल्याने मुद्द्यालाच हात घातला. “अर्ज कुठे करायचा?”

“अर्ज नाही लागत.”

“पात्रता काय धरलीय?”

“तीही नाही. असती तर मीसुद्धा बाहेरच राहिलो असतो.”

“मग सांगा ना सरळ, वशिल्याचं काम आहे!”

पाळक जरा विचारात पडले. “आहे खरं. मालकाच्या मुलाचा वशिला आहे. येशूचा.”

“त्याने माझ्यासाठी शब्द टाकलाय?”

“शब्द नाही,” पाळक म्हणाले, “जीव टाकलाय.”

खुर्चीवाला चहा अर्धा ठेवून उठला. असले लोक त्याने पुष्कळ पाहिले होते. पण पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर, भांडायला. दोन महिने फक्त भांडला. “काम बघितल्याशिवाय कुणी कायम करतं का? चूक झाली तर काढणार नाही कशावरून? कागद कुठाय?” पाळक थकले, पण चिडले नाहीत. खुर्चीवाला मात्र ज्या बाकावर बसून भांडायचा तो बाक जाताना दुरुस्त करून जायचा.

आणि मग एका दुपारी ते झालं. हिशेब विभागाच्या मोठ्या साहेबांच्या खुर्चीचा हात निखळला होता, त्याला सरस लावून तो दाबून धरून बसला होता. दाबता दाबता मनात आलं, उद्या मला इथून काढलं तर? काढतील. काढतातच. पण तिथून? तिथून मला कुणी काढणार नाही. तो तसाच बसून राहिला. मी असा, तोंडाने कडू, मनाने आंबलेला, आणि तरी त्याने मला आपलं म्हटलंय. सोळा वर्षं छातीवर कुणीतरी बसलं होतं, ते उठून गेल्यासारखं वाटलं. आनंद झाला. दुसरा शब्द नाही, आनंदच झाला. तो हसायला लागला, आणि हसण्याच्या नादात सरस वाळला. तळवा खुर्चीला चिकटून बसला.

मग गरम पाण्यासाठी खुर्चीवाला तिसऱ्या मजल्यावर निघाला, हाताला साहेबांची खुर्ची लटकतेय आणि चेहऱ्यावर हसू मावत नाही. कचेरीने काम थांबवून हे दृश्य पाहिलं. दुसऱ्या दिवशी मेव्हणा जिन्याखाली आला, दार लोटून घेतलं, आणि हळूच म्हणाला, “दाजी, खरं सांगा. काही घेता का?”

“घेतो. म्हणजे, मिळालंय.”

“किती दिवसांपासून?”

“कायमचं,” खुर्चीवाला म्हणाला, आणि मेव्हण्याने कपाळाला हात लावला.

बरं, हा आनंद दोन दिवसांत उतरेल म्हणावं, तर उतरेना. खंडाच्या दिवशीही माणूस खुशीत. पहारेकऱ्याने “कोण पाहिजे?” विचारलं, तर म्हणाला, “कुणी नको बाबा, तुझं स्टूल कसं आहे ते बघायला आलो.” पहारेकऱ्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायको मनातून घाबरली होती. कुरकुरणाऱ्या नवऱ्याशी कसं वागायचं हे तिला ठाऊक होतं. या हसऱ्याचं करायचं काय?

अशी तीन वर्षं गेली, आणि कचेरीतून तो कागद निघाला. जुन्या हंगामींना कायम करणार! पंचावन्नच्या आतल्यांनी अर्ज करावा. खुर्चीवाल्याला पंचावन्न पूर्ण व्हायला चार महिने उरले होते, म्हणजे हुकली तर ही शेवटचीच गाडी. बायकोने अर्ज दोन्ही हातांनी धरून आणला. “व्यवस्थित भरा हो. एक काना-मात्रा चुकवू नका.”

त्याने व्यवस्थितच भरला. तिथेच तर घोळ झाला. अर्जात दोन रकाने होते, ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘कायमचा पत्ता’, आणि तळाशी छापलेलं, ‘वरील सर्व माहिती खरी असून त्यात काहीही खोटे नाही.’ सध्याच्या पत्त्यात त्याने छापखान्यामागची दीड खोली लिहिली. मग पेन थांबलं. ती खोली कायमची कशी म्हणायची? घरमालक आठ वर्षं ‘सोडा, सोडा’ म्हणत होता. खोटं लिहून खाली सही कशी करायची? त्याने बराच विचार केला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘प्रभूच्या घरी.’

आस्थापनेच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. “हे काय? घर क्रमांक नाही, गल्ली नाही.”

“तिथे चुकत नाही कुणी, बाई.”

“घर तुमच्या नावावर आहे?”

“नाही, वडिलांचं आहे.”

“वडील हयात आहेत?”

“आहेत की! ते तर कायमचेच.”

“किती खोल्या?”

“कमी पडणार नाहीत, एवढं नक्की.”

बाई चिडल्या नाहीत. त्या बिचाऱ्या नियमाने चालणाऱ्या; पत्ता लिहिलाय म्हणजे त्याची तपासणी व्हायला हवी. त्यांनी तपासनिसाला पाठवलं. तो शोधत शोधत चर्चमध्ये पोचला, तासभर बसला, आणि अहवाल दिला : ‘नमूद ठिकाणी जाऊन आलो. दार उघडे होते. अर्जदार आढळला नाही. मालकांची भेट झाली नाही. ते सर्वत्र असतात असे तेथील पाळकांनी सांगितले. बाक मजबूत आहेत.’

प्रकरण समितीपुढे गेलं. त्या दिवशी मेव्हणा घरी येऊन बहिणीसमोर थयथयाट करून गेला होता. “एक ओळ खोडायची आहे! एक ओळ! ताई, तू तरी सांग यांना!” ताई नुसती फळीवरच्या भांड्यांकडे बघत बसली होती, आणि ते खुर्चीवाल्याला थयथयाटापेक्षा जास्त लागलं.

समितीत तीन साहेब होते, तिघेही याने दुरुस्त केलेल्या खुर्च्यांवर बसलेले. माणसं वाईट नव्हती. मधले साहेब म्हणाले, “हे बघा, तुम्हाला कायम करायची आम्हा सगळ्यांची इच्छा आहे. कोऱ्या कागदावर एवढंच लिहा : ‘सदर पत्ता माझा नाही. नजरचुकीने लिहिला गेला.’ खाली सही करा. आत्ता आदेश देतो.”

कागद पुढे आला. पेन आलं. खुर्चीवाल्याने ते हातात घेतलंसुद्धा. आणि का घेऊ नये? एकोणीस वर्षं तो याच टेबलापर्यंत यायला धडपडला होता. दोन खोल्या, न चालणारी भांडी, बायकोच्या चेहऱ्यावर एकदाचं हसू. आनंद माझा, आणि त्यापायी हाल तिचे, हा कुठला न्याय? त्याने ‘सदर पत्ता’ इतकं लिहिलं. मग ‘माझा’ लिहिलं. पुढचा शब्द काही हातातून उतरेना. त्याने पेन खाली ठेवलं.

“साहेब, बाकी सांगाल ते लिहून देतो. खुर्च्या मोडतो म्हणून लिहा, उशिरा येतो म्हणून लिहा. पण हे नाही लिहिता यायचं. मला ना, दुसरा पत्ताच नाही हो.”

साहेबांनी कागद उचलला. त्यावर लिहिलेलं होतं, ‘सदर पत्ता माझा’. तिघांनी तो आळीपाळीने वाचला.

आठ दिवसांनी आदेश आला. बायकोने तो त्याच्या हातातून ओढून घेतला आणि दारातल्या उजेडात मोठ्याने वाचायला लागली. मागे छापखाना धडधडत होता.

“‘अर्जदाराने आपला कायमचा पत्ता अन्यत्र असल्याचे लेखी कळवले असून, संधी देऊनही ते नाकारलेले नाही. उलट समितीसमोर त्याचा लेखी पुनरुच्चार केला आहे. चौकशीत याविरुद्ध कोणताही पुरावा आढळला नाही. सबब, अर्जदार अन्यत्र कायम असल्याचे ही कचेरी मान्य करीत आहे. एका व्यक्तीस दोन ठिकाणी कायम करता येत नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. अर्जदारास नेहमीप्रमाणे उद्या एक दिवसाचा खंड देण्यात यावा.’” खाली तीन सह्या, गोल शिक्का.

खुर्चीवाल्याला हसू आवरेना. खरोखर आवरेना. हसता हसता त्याने बायकोकडे पाहिलं आणि हसू तिथल्या तिथे विरलं. ती रडत होती.

“झालं ना तुमच्या मनासारखं?” ती म्हणाली. “शिक्क्यानिशी झालं. तुम्ही तिकडे कायम. आणि मी? मी काय इथे एकटीनेच हंगामी राहायचं? तीन वर्षं एकटेच हसताय. एकदा तरी मला सांगितलंत, काय मिळालंय ते?”

पाळकांशी भांडला, मेव्हण्याला ऐकवलं, साहेबांपुढे उभा राहिला. पण घरी येऊन हिच्याजवळ बसून सांगावं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याला स्वतःची अतोनात लाज वाटली.

“तुझं नाव मी रोज घेतो तिथे,” तो कसाबसा म्हणाला. “एक दिवस चुकवलेला नाही.”

“रोज?” ती डोळे पुसता पुसता थांबली. “आणि काय सांगता माझ्याबद्दल?”

खोटं बोलायची सवय मोडली होती. “सांगतो की... तू फार चिडतेस.”

“अस्सं!” तिने आदेशाची घडी घातली, पदर खोचला. “म्हणजे तीन वर्षं तिथे एकट्या तुमचंच ऐकताहेत! उद्या खंड आहे ना तुमचा? कितीला उघडतं ते? मी येणार. माझी बाजूही कुणीतरी ऐकायला हवी.”