आधी कोण येतं?

वत्सलाताई सबनीस कोणाच्याही घरी गेल्या की घंटी वाजवण्याआधी दारावरचा दिवा बघायच्या. फ्लॅट असेल तर जिन्यातला. लंडनच्या पिनर उपनगरात एका ओळखीच्या डॉक्टरांच्या घरी आम्ही सांत्वनाला गेलो होतो, तेव्हाही त्या पोर्चमध्ये मान वर करून क्षणभर थांबल्या. दिवा बंद होता. आत तासभर बसल्यावर, निघताना, त्यांनी डॉक्टरांच्या पत्नीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बाहेरचा बल्ब तेवढा बदलून घे गं. आता एकटी आहेस." बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी वत्सलाताई स्वतः बल्ब घेऊन गेल्या.

त्यांचे यजमान हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर होते. मुलगा एडिनबरा विद्यापीठात गेला, घर रिकामं झालं आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वत्सलाताई उत्तर लंडनच्या एका कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या नगरपालिकेवर, निवडून आल्या. मी तेव्हा तिथल्या साप्ताहिकाची बातमीदार होते. पत्रकारांच्या टेबलावर बहुतेक वेळा मी एकटीच असे. पहिल्याच मीटिंगनंतर त्या माझ्याजवळ आल्या. "मराठी ना तू? मग अशी उपाशी काय बसतेस तीन तास? पर्समध्ये काहीतरी ठेवत जा." आणि स्वतःच्या पर्समधून चिवड्याची पुडी काढून दिली.

त्यांच्या वॉर्डात एक कौन्सिल इस्टेट होती, कौन्सिलने भाड्याने दिलेल्या घरांची वसाहत. उंच इमारती, प्रत्येक मजल्यावर लांब उघडी गॅलरी, गॅलरीत ओळीने दारं. तिथे राहणाऱ्या बांगलादेशी, गुजराती आणि जमेकन कुटुंबांच्या दारांवर अंडी फुटत, पत्रपेटीतून जळते फटाके आत पडत. तक्रार झाली की पोलीस येत, लिहून घेत, जात. लंडनचे पोलीस कौन्सिलच्या हुकमतीत नव्हते. कौन्सिल त्यांच्या खर्चातला आपला वाटा भरत असे, पण शिपाई कुठे उभा राहील हे ठरवत नसे. दर वर्षी बजेटच्या वेळी कोणीतरी उठून पोलिसांवर भाषण करी. वत्सलाताई सगळं ऐकून घेत आणि मग विचारत, "पोलीस नंतर येतात. आधी कोण येतं, ते सांगा."

त्या इस्टेटीपुरतं उत्तर होतं रेग. रेग तिथला केअरटेकर. तळमजल्यावरचा फ्लॅट त्याला नोकरीबरोबर मिळालेला. बल्ब बदलणं, लिफ्ट चालू ठेवणं, कचऱ्याच्या खोलीला कुलूप लावणं हे त्याचं काम. त्रास देणाऱ्या टोळक्यातल्या प्रत्येक पोराची आई त्याला माहीत होती. "केविन, तुझ्या आईला सांगू का?" एवढं तो खालून ओरडला की गॅलरी मोकळी होई. वत्सलाताईंना तो 'मिसेस एस' म्हणे आणि त्यांच्या चिवड्याला 'तो धोकादायक पदार्थ'.

एका संक्रांतीला वत्सलाताईंच्या घरी हळदीकुंकू होतं. पिनर-हॅरोच्या सगळ्या बायका आल्या होत्या. तिळगूळ झाला आणि वाण हातात पडलं. लाल दोरीत ओवलेली शिट्टी.

"वत्सला, हे काय गं? आम्ही काय आता फुटबॉलला रेफरी व्हायचं?" कोणीतरी विचारलं.

"नवऱ्यावर वाजव," दुसरी म्हणाली. "माझा तर ऐकूच येत नाही म्हणतो."

खूप हशा झाला. वत्सलाताईही हसल्या. "तुम्हाला गंमत म्हणून दिली गं. उरलेल्या जिथे लागतील तिथे चालल्यात."

त्या आठवड्यात त्या इस्टेटीत दारोदार गेल्या. कुंकू घरी ठेवलं, तिळाची वडी आणि शिट्टी घेतली. प्रत्येक दारात एकच नियम समजावून सांगितला. शिट्टी ऐकली की दिवा लावायचा, दार उघडायचं, गॅलरीत उभं राहून आपलीही शिट्टी वाजवायची. खाली कोणी जायचं नाही. खाली रेग जाईल.

"आणि रेगला काही झालं तर?" मी विचारलं.

"अगं, सगळ्या इमारतीच्या डोळ्यांदेखत कोण हात उचलणार आहे? आणि बायकांना खाली पाठवलं तर उद्या त्यांच्या घरचे त्यांना दार तरी उघडू देतील का?"

तिसऱ्या मजल्यावरच्या रहिमाने नियम उर्दूत आणि सिल्हेटी बंगालीत करून बाकीच्यांना सांगितला. रहिमाचा नवरा एका रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी होता. ती वत्सलाताईंना आपा म्हणत असे. पुढच्या काही हिवाळ्यांत शिट्ट्या वाजल्या, दारं उघडली, रेग खाली गेला, पोरं पळाली. मी त्यावर एक छोटी बातमी लिहिली होती. ती आतल्या पानावर आली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सरकारने कॅमेऱ्यांसाठी ग्रँट द्यायला सुरुवात केली. अट अशी की निम्मे पैसे कौन्सिलने घालायचे. कौन्सिलने बजेटमध्ये जागा शोधली आणि ती केअरटेकरांच्या पगारात सापडली. इस्टेटीवर राहणारे केअरटेकर बंद. त्यांच्या जागी व्हॅनमधून फिरणारी एक तुकडी. कॅमेरे शॉपिंग सेंटरवर.

पक्षाच्या बैठकीत वत्सलाताईंनी विचारलं, "हे कॅमेरे जिना चढतात का?" सगळे हसले. त्यांनी हसण्यासाठी विचारलं नव्हतं.

बहुमत काठावर होतं, तरी त्यांच्या एका मतावाचून बजेट अडणार नव्हतं. फक्त विरोधाचा बोभाटा नको होता. नेत्याने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, आमच्याबरोबर राहिलात तर एक कॅमेरा तुमच्या इस्टेटीच्या फाटकावर. नाहीतर काही नाही. मतदानाआधी त्या कॉरिडॉरमध्ये मला भेटल्या. चेहरा उतरला होता. "मी नाही म्हटलं तरी रेग जाणारच आहे. मग निदान एवढं तरी पदरात पाडून घ्यावं, नाही का?" माझं मत त्यांना नको होतं, असं मला वाटलं. त्यांनी बजेटच्या बाजूने हात वर केला.

रेग क्रॉयडनला बहिणीकडे गेला. जाताना वत्सलाताईंना म्हणाला, "तिसऱ्या मजल्याखालचा बल्ब नेहमी जातो, मिसेस एस. व्हॅनवाल्यांना सांगा." त्यांनी सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं.

त्या डिसेंबरात, चार वाजताच अंधार पडलेला असताना, रहिमाचा नवरा दुपारची पाळी संपवून घरी येत होता. त्याच बल्बाखाली, म्हणजे अंधारात, दोघांनी त्याला गाठलं. रहिमाने नवऱ्याचा आवाज ओळखला आणि शिट्टी वाजवली. सगळ्या मजल्यांवर दिवे लागले. दारं उघडली. बायका, त्यांचे नवरे, म्हातारी माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली आणि शिट्ट्या वाजवू लागली. शेजारच्या रस्त्यावरच्या लोकांनी मला नंतर सांगितलं की आवाज फार वेळ चालला होता. खाली कोणी गेलं नाही. इतकी वर्षं कोणीच कधी खाली गेलं नव्हतं; खाली जाणारा वेगळा होता. रहिमा धावायला निघाली तेव्हा शेजारणीने तिला धरून ठेवलं. नियम तसा होता. पोलीस आले तोवर रहिमाच्या नवऱ्याने प्राण सोडला होता. फाटकावरच्या कॅमेऱ्यात दोघं जण आत येताना आणि बाहेर जाताना दिसत होते. टोप्या खाली ओढलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी बातमीसाठी गेले तेव्हा वत्सलाताई रहिमाच्या घरी जमिनीवर बसल्या होत्या. रहिमा रडत नव्हती. ती म्हणाली, "आपा, आम्ही सगळे उभे होतो. तुम्ही सांगितलं होतं तसे." त्यात आरोप नव्हता. तिला खरंच वाटत होतं की वत्सलाताईंना हे कळायला हवं, कोणीही चुकलं नाही.

वत्सलाताईंनी मग दारोदार जाऊन शिट्ट्या परत मागितल्या. रेग गेला त्याच दिवशी नियम बदलायला हवा होता, हे त्यांनी प्रत्येक दारात सांगितलं. लोकांनी शिट्ट्या मुकाट्याने काढून दिल्या. वाण परत घेत नाहीत, हे तिथे फक्त त्यांनाच माहीत होतं. रहिमाने दिली नाही. "असू दे आपा," ती म्हणाली. "ऐकून कोणीतरी दार तरी उघडतं."

पुढच्या निवडणुकीला त्या उभ्या राहिल्या नाहीत. डॉक्टर निवृत्त झाले आणि दोघं मुलाजवळ एडिनबराला गेली. कधीतरी फोन यायचा. तब्येत, थंडी, सूनबाईने केलेल्या करंज्या. आणि मग तोच प्रश्न. "तिकडे आता आधी कोण येतं गं?"

मी त्या भागातून जातच असे. खोटं सांगणं सोपं होतं, पण ते जमत नसे. "व्हॅन येते, वत्सलाताई," मी सांगायची. "मंगळवारी."

"हं," त्या म्हणायच्या. "आणि बल्ब?"

शेवटच्या फोनमध्ये त्यांनी बल्बाचं विचारलं नाही. त्या वारल्याचं त्यांच्या मुलाने कळवलं. त्याच आठवड्यात मी इस्टेटीत रहिमाला सांगायला गेले. संध्याकाळ होती. तिसऱ्या मजल्याखाली पोचले आणि जिन्यातलं बटण दाबलं. दिवा लागला नाही. अंधारात चाचपडत मी वर गेले. माझी पावलं ऐकून गॅलरीतलं एकही दार उघडलं नाही.