खेकड्याच्या सिनेमातली बाई

माझा भुताखेतांवर विश्वास असता तर मी हॉरर सिनेमे बघितलेच नसते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी "तुम्ही मुळातच त्या लायनीतले" असं म्हणायला नको. ज्याला खरंच भीती वाटते तो माणूस असले सिनेमे बघून पोट धरून हसत नाही. मी हसायचो.

मी मनोज. रत्नागिरीत मिरकरवाड्यात राहतो, बंदराच्या वरच्या अंगाला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा धंदा. वऱ्हाडात कोण कुणाशी बोलत नाही हे मला नवऱ्यामुलाच्या आधी कळतं, इतकं मी लोकांना फ्रेम-फ्रेम थांबवून बघितलंय.

आणि नाद एकच — ब्राझीलचे कमी पैशातले हॉरर सिनेमे. त्यातही अँथॉलॉजी... म्हणजे एकाच सिनेमात चार-पाच वेगळ्या गोष्टी, प्रत्येक गोष्ट वेगळ्या मित्रानं काढलेली. हा नाद मला संदेशनं लावला. संदेश माझा शाळेपासूनचा दोस्त, मारुती मंदिरजवळ त्याचं फोटोचं दुकान आहे. लोक विचारतात, काय बघता रे त्यात? रक्त म्हणजे सरळ सरळ बीटाचा रस. भुताच्या पायात स्लिपर. मेलेल्याचं पोट वर-खाली होताना दिसतं. अहो, तीच तर मजा! आपल्याकडे शिमग्याला नमनाच्या खेळात संकासुर येतो ना, काळा झगा, लांब टोपी, पांढरी दाढी... आत आपला चुलतभाऊ आहे हे पक्कं ठाऊक असतं, तरी तो अंगावर धावून आला की आपण मागच्याच्या पायावर पाय देतो. तसंच आहे हे. कुणाचा काका राक्षस, कुणाची मावशी चेटकीण, शूटिंग कुणाच्या तरी स्वैपाकघरात. खिशात दमडी नाही पण हौस दांडगी. जगभरात असले येडे आहेत, जे हे सिनेमे पुन्हा पुन्हा बघतात, डायलॉग पाठ करतात. रत्नागिरीत आम्ही दोघंच.

त्यातल्या एका सिनेमाचा ब्रूनो नावाचा दिग्दर्शक इंटरनेटवर संदेशचा मित्र झाला. साधा माणूस, दिवसा शाळेत शिकवतो. त्यानं आम्हाला सिनेमाची फाइलच पाठवली, आणि आम्ही हौसेनं ठरवलं की याला मराठी सबटायटल करायचं. तिसरी गोष्ट ब्रूनोची होती. मच्छीमारांचं गाव, समुद्रातून प्रचंड खेकडा येतो आणि बाजारात धुमाकूळ घालतो. खेकडा फोमचा. त्याला ओढणारी दोरी स्पष्ट दिसते. सबटायटल करायचं म्हणजे प्रत्येक वाक्याला थांबायचं, मागे जायचं, पुढे जायचं. त्या बाजाराच्या सीनमधला कुत्रासुद्धा कुठल्या फ्रेमला शेपूट हलवतो ते मला पाठ होतं. हे एवढ्यासाठी सांगतोय की पुढे कुणी "आधी तुमच्या लक्षात आलं नसेल" म्हणू नये.

आता आईबद्दल. आम्ही तिला आये म्हणतो. सगळा जन्म तिनं मिरकरवाड्याच्या लिलावातून मासळी उचलली आणि पाटी घेऊन गावात विकली. दणकट बाई, आवाज असा की धक्क्यावरून हाक मारली की घरात मी ताटावरून उठायचो. बाबा लवकर गेले, मला तिनंच वाढवलं. तिला विसरायला व्हायला लागलं ते आधी गमतीचं वाटलं. मग चूल पेटवून बंदरावर निघून गेली, तेव्हा डॉक्टर गाठले. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, हळूहळू माणसंही विसरतील. त्यांनी ते खूप चांगल्या शब्दांत सांगितलं, पण मला ऐकू आलं ते एवढंच — माझी पाळी कधी?

खरं सांगतो, मला दुसरं काही नको होतं. तिनं मला ओळखावं, बस्स.

बायको हॉस्पिटलात नर्स आहे, दिवसा घरी नसते, म्हणून मी माझ्या दुकानातला कॉम्प्युटर घरी आणला आणि आईपाशी बसून काम करायला लागलो. एका दुपारी सबटायटल तपासत होतो. आई मागून येऊन उभी राहिली. पडद्यावर खेकडा आला, आणि आई हसली! कित्येक महिन्यांत हसली नव्हती.

"ही कुर्ली पुनवेची हाय," म्हणाली. "आत काय न्हाय हिच्या. पोकळ."

पुनवेच्या खेकड्यात मांस भरत नाही, म्हणून. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. ब्रूनोच्या सिनेमाची एवढी अचूक परीक्षा कुणी केली नसेल. त्या दिवसापासून रोज जेवणानंतर आम्ही दोघं खेकडा बघायचो. भाषा तिला कळत नव्हती, काही अडलं नाही. लोक धावले की ती टाळ्या वाजवायची, "पळ रं मेल्या, पळ!" म्हणून ओरडायची. मला वाटलं, चला, एक औषध तर सापडलं.

मग तिनं पडद्याकडे बोट दाखवायला सुरुवात केली.

"माझी पाटी थंय ऱ्हायली."

"कुठं गो आये?"

"थंय काय. त्या भिंतीकडं."

मी बघितलं. बाजाराच्या सीनमध्ये मागे पिवळी भिंत आहे. भिंतीखाली एक बाई बसली होती, आमच्याकडे पाठ करून. काष्ट्याचं लुगडं. पुढ्यात पाटी. सगळा बाजार खेकड्याला घाबरून पळतोय आणि ही बाई आपली मासे कापतेय.

पहिल्यांदा मी स्वतःलाच शिव्या घातल्या. च्यायला, एवढी मोठी बाई सुटली कशी नजरेतून? मग फाइल तपासली. साइज तीच, तारीख तीच. संदेशला फोन केला, म्हटलं तुझ्याकडची कॉपी लाव. तो दुकानात बसून बघत होता, मी फोन कानाला लावून. शेवटी म्हणाला, "मन्या, ही बाई आधी नव्हती रे."

तिथून पुढे दर चार-आठ दिवसांनी काहीतरी बदलायचं. बाई थोडी वळली. मग तिचे हात दिसले. त्याच आठवड्यात घरात आईनं बांगडा हातात घेतला आणि नुसती बघत बसली, कुठून कापायचा तेच कळेना. मी पडद्यावर बघितलं... ती बाई भराभर बांगडे साफ करत होती, अंगठा खाली दाबून, आई करायची अगदी तस्संच. पुढे आई नथ कुठल्या नाकपुडीत घालायची ते विसरली. पडद्यावरच्या बाईच्या नाकात नथ आली. आणि एक दिवस तिचं तोंड दिसलं.

आईच होती. आत्ताची नव्हे. मी शाळेत असतानाची, भरलेल्या दंडांची, गिऱ्हाइकाला दबकावणारी.

बायकोला दाखवलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि एवढंच म्हणाली, "अहो, बंद करा ते. आत्ताच्या आत्ता बंद करा." तिला वाटलं तेच मलाही वाटत होतं — हा सिनेमा आईला थोडी थोडी करून ओढून नेतोय. आणि मीच रोज दुपारी तिला त्याच्यासमोर बसवत होतो!

मी एडिटर माणूस. मला येतं ते मी केलं. बाजाराचा अख्खा सीनच कापून टाकला आणि नवी फाइल काढली. लावून बघितली तर आई पुढच्या सीनमध्ये, हिरोच्या घरात, चुलीपाशी बसलेली. तोही कापला. मग ती होडीत दिसली. लग्नाच्या व्हिडिओत एखादी आत्या असते ना, कुठूनही कापा, फ्रेममध्ये असतेच... तसं झालं. एरवी हसलो असतो. त्या दिवशी की-बोर्डवर डोकं टेकून रडलो.

मग फाइल उडवली. संदेशनंही त्याची उडवली. कॉम्प्युटर पुन्हा दुकानात नेला.

उपयोग काय झाला? शून्य. आई रोज दुपारी हट्ट करायची, "कुर्ली लाव ना रं." नाही म्हटलं की भिंतीकडे तोंड करून बसायची. हसणं गेलं. आणि विसरणं? ते सिनेमा नसतानाही आपलं चालूच! घराची पडवी विसरली, शेजारीण विसरली, माझी बायको विसरली. म्हणजे सिनेमा लावला तरी जाणार, नाही लावला तरी जाणार. आता बोला. कुणाशी भांडायचं माणसानं?

संदेशला राहवेना, त्यानं ब्रूनोला व्हिडिओ कॉल लावला. मीही बसलो. वाटलं, हा आपल्याला वेड्यात काढणार. त्यानं स्वतःची कॉपी उघडली, बघितली, आणि डोकं खाजवत म्हणाला, "हो, आहे की. कोण आहे ते मात्र माहीत नाही." त्याच्या म्हणण्याप्रमाणे असल्या शूटिंगला कोण आलं-गेलं याचा हिशेबच नसतो. गर्दी हवी असली की जो उभा असेल त्याला फ्रेममध्ये लोटायचं. जेवण त्याची मावशी रांधायची. तिला विचारू या म्हणाला आणि फोन घेऊन शेजारच्या घरात गेला.

मावशी पाव कापत होती. ब्रूनोनं त्या फ्रेमचा फोटो दाखवला तशी तिचा चेहरा खुलला. भडाभडा बोलायला लागली, ब्रूनो इंग्रजीत सांगत होता. ही बाई? आठवते तर! सकाळीच आली, आमच्या सगळ्या लोकांचे मासे हिनंच साफ करून दिले. भाषा कुणालाच कळत नव्हती. आम्हाला वाटलं, कुठल्या तरी मुलाची आई असेल. जेवायला बसवलं तर जेवेना. सारखी काहीतरी विचारत होती... असं म्हणून मावशीनं सुरी बाजूला ठेवली आणि जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर हात धरला. एवढा. एवढा मुलगा पाहिलात का? तसंच काहीतरी. संध्याकाळी बघतो तर बाई नाही.

ते शूटिंग झालं तेव्हा आई मिरकरवाड्यात लिलावात उभी असणार. तिनं जन्मात मुंबईच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. आणि ब्रूनोच्या फाइलमध्ये ती बाई आधी होती की नव्हती, ते त्याला छातीठोक सांगता येईना. मावशीला मात्र जेवणातले मासेसुद्धा आठवत होते. मी फोन संदेशच्या हातात दिला आणि बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला बसलो.

त्यानंतर एका सकाळी मी आईला चहा दिला. तिनं कप घेतला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. परक्या माणसासमोर बायका करतात तसा.

"बसा," म्हणाली. "माझा झील येल आता. त्याच्याशी काय ता बोला."

झील म्हणजे मुलगा, म्हणजे मीच. माझी पाळी आली होती. मी बसलो. तिनं माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली, पाहुण्याला देतात तशी. इतका हताश मी बाबा गेले तेव्हाही नव्हतो.

त्याच दुपारी ब्रूनोकडून फाइल परत मागवली आणि कॉम्प्युटर घरी आणला. बायको बघत होती. आईला शेजारी खुर्ची दिली. "कुर्ली बघायची?" विचारलं तर लगेच बसली.

बाजार आला. खेकडा आला, लोक पळाले. भिंतीखालची बाई उठली. कोयता पाटीत टाकला, हात लुगड्याला पुसले, आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघून तोंडाला हात लावला.

"बाळ्याऽऽ! जेवलास काय रंऽऽ?"

मला बाळ्या म्हणणारं जगात एकच माणूस आहे. शाळेत मनोज, मित्रांत मन्या. बाळ्या फक्त आई. आणि ही हाक तीच, धक्क्यावरून यायची ती, पोर्तुगीज आरडाओरड्याच्या वरून येणारी. आईजवळ राहिलेलं शेवटचं जे काही होतं, ते त्या सकाळी तिकडे पोचलं होतं.

आता रोज बघतो. सिनेमामुळे आई गेली का? माहीत नाही. की गेलेली आई त्यानं माझ्यासाठी धरून ठेवलीय? तेही माहीत नाही. डॉक्टरांना विचारायची सोय नाही आणि देवळात विचारायची माझी सवय नाही. ब्रूनो म्हणतो, आमच्या सिनेमावर जगात कुणी एवढं प्रेम केलं नव्हतं. संदेश म्हणतो, मन्या, असल्या हाकेला ओ देऊ नये, एवढं तरी पाळ. कोकणात जन्मलेल्या प्रत्येकाला ते शिकवलेलं असतं, ओ दिली की आपणही त्या हाकेमागे जातो. मीही पहिले काही दिवस तोंड दाबून बसलो.

पण परवा काय झालं ते सांगतो. पडद्यावरची बाई हाका मारत होती आणि माझ्या शेजारी बसलेली आई अस्वस्थ झाली. हात चोळायला लागली. मग माझ्या बाहीला धरून म्हणाली, "अवो, ती बाय कवाधरनं हाक मारतेय. कुणाचा पोर हाय तो? ओ द्या ना कुनीतरी तिला."

मी ओ दिली. "काय गो आये... जेवलो गो."

पडद्यावरच्या बाईला ऐकू गेलं नाही. ती पुन्हा हाक मारायला लागली.

आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मोठ्यानं द्या," म्हणाली. "लांब हाय ती."