साडूभाऊंचा भट्टीतला नाश्ता

जगातला कुठलाही प्रश्न आमच्या थोरल्या साडूभाऊंच्या दारावरून मुकाट्याने पुढे गेला, असं आजवर घडलेलं नाही. प्रश्न दिसला की ते त्याला हाक मारून आत बोलावतात, ओसरीवर बसवतात, आणि उत्तर मिळेपर्यंत घरी जाऊ देत नाहीत. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. तेलंगणात वांकिडीजवळच्या एका खेड्यात त्यांचं घर आहे, थोडी कापसाची शेती आहे, आणि तहसील कचेरीत जन्मभर कारकुनी करून ते आता निवृत्त झाले आहेत. मी बेल्लमपल्लीच्या शाळेत मास्तर. मुलांनी प्रश्न विचारावेत असं मी वर्गात रोज सांगतो. पण साडूभाऊंसारखा एक जरी मुलगा माझ्या वर्गात असता, तर हे सांगणं मी केव्हाच बंद केलं असतं.

"काऊन?", म्हणजे "का?", हा त्यांचा लाडका शब्द. आमच्याकडची पोरं बोलायला लागली की वर्षभर "काऊन, काऊन" करून आईचा जीव खातात आणि शाळेत गेली की विसरतात. साडूभाऊ शाळेत गेले, नोकरीला लागले, सासरे व्हायची वेळ आली, तरी विसरले नाहीत. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू झालेली, आणि हे भटजींच्या कानाशी लागून विचारताहेत, "महाराज, पडदा काऊन? या दोघायनं एकमेकाले आधीच पाह्यलं ना!" भटजी इतके गडबडले की तिसरं मंगलाष्टक त्यांनी दोनदा म्हटलं. माझं लग्न चारचौघांच्या लग्नापेक्षा एका मंगलाष्टकाने जास्त पक्कं आहे, ते असं. पुढे एकदा गुडघा दुखतो म्हणून ते मंचेरियलच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे दीड तास बसून एक्स-रेमध्ये हाड दिसतं आणि मांस का दिसत नाही, याची सगळी माहिती काढून परत आले. ताईंनी विचारलं, "अन् गुडघा?" तर कपाळाला हात लावून म्हणाले, "तो राह्यलाच!"

कचेरीची सवय अशी की प्रत्येक प्रश्नाची ते मिसल उघडत. मिसल म्हणजे फाईल. हा निजामाच्या वेळचा शब्द आमच्याकडच्या कचेऱ्यांतून अजून निवृत्त झालेला नाही. लाल फितीने बांधलेल्या अशा पन्नासेक मिसली त्यांच्या कपाटात आहेत. एका दुपारी कुतूहल म्हणून मी त्या चाळल्या. "म्हैस पावसात उभी राहते, बकरी काऊन पळते?" "कांदा चिरणाऱ्याला रडवतो, खाणाऱ्याला काऊन नाही?" बहुतेकांवर शेरा होता, "तपास चालू." चाळता चाळता एक अगदी बारीक मिसल हाती लागली. आत एकच कागद, आणि त्यावर एकच ओळ: "रांधणारी शेवटी काऊन?"

या प्रश्नाची हकीकत मला ठाऊक होती, कारण त्या दिवशी खाणाऱ्यांत मीही होतो. पोळ्याच्या पाडव्याला वीस-बावीस पाहुणे जमले होते आणि ताई सकाळपासून तव्यापुढे बसून ज्वारीची धिरडी काढत होत्या. आम्ही पुरुष माणसं ओसरीवर बसून "अजून एक येऊ द्या" म्हणत होतो. मी स्वतः सात खाल्ली. सगळे हात धुऊन उठल्यावर साडूभाऊ पाणी प्यायला आत गेले, तर ताई ओट्याशी उभ्या राहून एक फाटकं, गार धिरडं चहात बुडवून खात होत्या. पीठ संपलं होतं. "तू गरम काऊन नाई खाल्लं?" साडूभाऊंनी विचारलं. ताई म्हणाल्या, "जे गरम वाढते, तिले गरम भेटत नसते." त्यात तक्रार नव्हती. पाऊस वरून पडतो, तसं त्यांनी सांगितलं. पण साडूभाऊंना सरळ उत्तर कधी पचत नाही.

यानंतर त्यांच्या लेकीचं ठरलं. लेक मंचेरियलला दवाखान्यात नर्स आहे, आणि सोयरे राजुऱ्याकडचे. साक्षगंध, म्हणजे तुमच्याकडचा साखरपुडा, दहाच्या मुहूर्तावर, मंडळी येणार आठला, माणसं साठ. इतक्यांचा नाश्ता म्हणजे ताईंनी पहाटेपासून चुलीपुढे बसणं ओघानेच आलं. त्या सुमारास लेकीने गंमत म्हणून बापाला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा परदेशी बाईने संध्याकाळी एका ट्रेमध्ये पावाचे तुकडे, भाज्या रचल्या, वरून अंडी आणि दूध घुसळून ओतलं, ट्रे झाकून ठेवला. सकाळी तो भट्टीत सारला, आणि अर्ध्या तासाने सगळं घर टेबलाशी बसून खात होतं. साडूभाऊंनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. दुसऱ्या दिवशी मला फोन. "मास्तर, ते बाई सोता बसली! सगळ्यायच्या संग बसली! कोणी उठलंच नाई!" अंडं, पाव यांत त्यांना काडीचा रस नव्हता. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तीस वर्षं झाली, मी तिले पंगतीत गरम खातानी पाह्यलं नाई. लेकीच्या साक्षगंधात तरी बसाव तिनं." मी नेहमीसारखा हसून घालवणार होतो, पण त्या आवाजामुळे हसू आलं नाही.

आता भट्टी कुठली? तर वांकिडीच्या मल्लन्नाच्या बेकरीतली. मल्लन्ना पहाटे बन-पाव काढतो. त्यानंतर भट्टीतला जाळ ओढून घेतला तरी विटांत दोन-तीन तास धग राहते. ही धग फुकट जाते, हे साडूभाऊंना एका भेटीत समजलं, आणि पुढचे पंधरा दिवस मल्लन्नाला सुख मिळालं नाही. भट्टीचं तोंड लहान काऊन, विटा आडव्या काऊन, लाकूड चिंचेचंच काऊन? शेवटी तो हात जोडून म्हणाला, "साब, मेरे बाप ने भी इस भट्टी को इतने सवाल नहीं पूछे."

पहिल्या चाचणीला मला आणि माझ्या बायकोला पंच म्हणून बोलावणं आलं. भट्टीची धग बघायची मल्लन्नाची रीत अशी की चिमूटभर मैदा आत टाकायचा आणि तो तांबूस होईपर्यंत अंक मोजायचे. तांबूस व्हायला वीस अंक लागले की ट्रे आत; त्याआधीच झाला तर भट्टी अजून फार गरम. मोजायचं काम अर्थातच साडूभाऊंनी आपल्याकडे घेतलं. पण कचेरीत कागदांचे गठ्ठे मोजून त्यांच्या जिभेला पळायची सवय लागलेली. मल्लन्नाचे दहा होईपर्यंत यांचे वीस झाले. फणफणत्या भट्टीत ट्रे गेला. बाहेर आला त्याचा पंचनामा त्यांनी स्वतःच लिहिला: "वरून सोनेरी, खालून कोळसा, मधोमध चिखल." कोळसा फक्त आमच्या बेल्लमपल्लीकडेच निघतो, असा माझा तोवर समज होता. यावर साडूभाऊंनी उपाय काढला. मराठी अंक तोंडात फार धावतात म्हणून त्यांनी वीसपर्यंत तेलुगू अंक पाठ केले आणि "ओकटि... रेंडु... मूडु..." असे ठेचकाळत मोजू लागले. धग बरोबर जमली! दुसऱ्या खेपेला पाव ताजा होता म्हणून लगदा झाला. तिसऱ्या खेपेला दोन दिवसांचा शिळा पाव घेतला. त्याने रात्रभरात दूध-अंडं पिऊन घेतलं, आणि कांदा, टमाटा, हिरवी मिरची, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, असा जो काही ऐवज बाहेर आला, त्याची वडी सुरीने कापताना आम्ही पंच निःपक्षपाती राहू शकलो नाही. अंडं न खाणाऱ्यांसाठी आंबट ताकात कालवलेल्या बेसनाचे दोन ट्रे वेगळे ठरले. त्यांवर ओळखीला तीळ.

ताई मात्र शेवटपर्यंत धास्तावलेल्या. "सोयऱ्यायपुढं परयोग ठेवता का? फसलं तं?"

"फसलं तं पोहे मी करीन," साडूभाऊ म्हणाले.

"मंग तं सोयरीकच मोडन," ताई म्हणाल्या. त्या हसल्या, पण भिजवायचे पोहे चाळून ठेवायला विसरल्या नाहीत.

साक्षगंधाच्या सकाळी सारं कागदावर लिहिल्यासारखं घडलं. आदल्या संध्याकाळी भरलेले ट्रे मल्लन्नाच्या फ्रीजमधून निघून भट्टीत गेले, आणि मंडळी हातपाय धुऊन टेकतात न टेकतात तोच ऑटोतून दारात आले. अंगणभर खमंग वास सुटला. वड्या कापल्या, साठ जणांना एकदम वाढल्या, आणि साडूभाऊंनी ताईंना हाताला धरून नवऱ्या मुलाच्या आईशेजारी बसवलं. त्यांच्या पुढ्यातल्या ताटलीतून वाफ निघत होती. ताईंनी पहिला घास मोडला.

तेवढ्यात नवऱ्या मुलाची आजी मान वर करून म्हणाली, "कढईचा वास नाई येऊन राह्यला व. घरात सुतक-बितक हाय का?"

 आमच्याकडे मंगलकार्याच्या दिवशी चुलीवर कढई चढून काहीतरी तळलं गेलंच पाहिजे. तळण होत नाही ते फक्त सुतकात. आणि हा भट्टीतला नाश्ता आदल्या दिवसापासून तेलाच्या थेंबाला न शिवता झालेला! ज्या माणसाने म्हशीपासून विटांपर्यंत सगळ्यांना जाब विचारला, त्याला ही एवढीशी गोष्ट सुचली नव्हती. सुचणार कशी? कढई आजवर चढायची ती ताईंच्या हातून, न विचारता. ताईंनी मोडलेला घास ताटलीत परत ठेवला आणि पदर खोचून त्या उठल्या. मला वाटलं, संपलं. आता ह्या आत जातील त्या दुपारीच बाहेर येतील. आणि त्याहून मोठी भीती ही, की साडूभाऊ आता आजीबाईंना "काऊन?" विचारतील आणि सोयरीक खरोखरच मोडेल.

साडूभाऊंनी तोंड उघडलं, मिटलं. मग ताईंना म्हणाले, "तू बस." आणि नव्या शर्टाच्या बाह्या सारून स्वतः आत गेले.

आत भांडी आदळली. डबा पडला. थोड्या वेळाने आतून हाक आली, "तेल तापलं कसं समजते व?"

पाच-सहा बाया एकदम अर्धवट उठल्या. पण उत्तर दिलं आजीबाईंनीच, बसल्या जागेवरून: "कुरडईचा तुकडा टाकून पाह्य! वर आला का तापलं!"

 मग आतून, "वर काऊन येते?"

आजीबाईंना जे हसू फुटलं ते त्यांच्या बोळक्या तोंडात मावेना. सुनेच्या अंगावर रेलून त्या हसल्या, मग सगळं अंगण हसलं. साडूभाऊ परातभर कुरड्या घेऊन बाहेर आले. काही पांढऱ्या, काही तपकिरी, शर्टावर तेलाचा डाग एवढा. आजीबाईंनी एक उचलून मोडली. "इतकी वर्षं झाली, कढईपाशी गडी मानूस नाई पाह्यला. आज पाह्यला. याच्याहून मोठा शकून कोणता?" म्हणाल्या, आणि अजून उभ्याच असलेल्या ताईंचं मनगट धरून त्यांना खाली बसवलं. "खाय मायबाई. थंडं होऊन राह्यलं."

ताई बसल्या. त्यांना बसणं जमत नव्हतं. एक पाय सारखा उठायच्या बेतात, नजर सगळ्यांच्या ताटल्यांवर. पण त्यांनी घास तोंडात घातला. मग दुसरा घातला. आणि कोणालाच उद्देशून नाही अशा बारीक आवाजात म्हणाल्या, "गरम हाय व." डोळे भरून आले होते, पण खाणं थांबलं नाही. साडूभाऊ पुन्हा आत कढईपाशी निघून गेले होते. जे बघायला त्यांनी एवढा खटाटोप केला, ते त्यांना दिसलंच नाही. मला दिसलं. इतकी वर्षं या माणसाला आपण हसत आलो, याची मला त्या क्षणी खरोखर लाज वाटली.

हे सगळं बायकोला सांगावं म्हणून मी वळलो. ती पंगतीच्या टोकाला पाण्याचा जग घेऊन उभी होती. सकाळपासून उभीच असावी. मी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "तू बसली काऊन नाहीस?"

"कोणाले पानी लागलं तं?" ती म्हणाली.

मी तिच्या हातातून जग काढून घेतला. ती थोडी गोंधळली, मग आपल्या बहिणीशेजारी जाऊन टेकली. मी ट्रेपाशी गेलो. अंड्याचे संपले होते. बेसनाच्या ट्रेमध्ये कोपऱ्यातली एक वडी उरली होती. ती ताटलीत घेऊन बायकोपुढे ठेवली, आणि ठेवताना माझं बोट वडीला लागलं. वडी पार गार झाली होती.