एकदा नीट येऊ दे

पोळी जरा वाकडी लाटली गेली की वहिनी ती तव्यावर टाकायच्याच नाहीत. मोडायच्या, गोळा करायच्या, पुन्हा लाटायला घ्यायच्या. त्यांचे यजमान, आमचे दादा, ताटावर बसलेले, लेक भुकेनं कुरकुरतेय, तवा धूर सोडतोय, आणि या पिठी लावून नव्यानं सुरू. वर म्हणायच्या, "एकदा नीट येऊ दे, मग वाढते." ओमानमधल्या अल अमेरातच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मी म्हणायचे, "वहिनी, पोटात गेल्यावर कोण बघतंय गोल आहे का चौकोनी?" त्या हसायच्या आणि पोळी मोडायच्याच.

पुण्यात त्या गणित शिकवायच्या. मुलं त्यांच्या तासाला पुढची बाकं धरून बसायची, असं दादा कौतुकानं सांगत. इथं आल्यावर घर एके घर. दादा रुसैलच्या कारखान्यात. गाडी घेऊन जायचे ते अंधार पडल्यावर उगवायचे. आणि आमच्या भागात गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. अशात मदिनत सुलतान काबूसकडच्या एका शाळेनं वहिनींना विचारलं. शाळेचं नवं वर्ष सुरू होईपर्यंत जागा ठेवतो, म्हणाले, पण यायचं-जायचं तुमचं तुम्ही बघा. त्या दिवशी त्यांनी मला जिन्यातच मिठी मारली. आम्ही दोघी एकाच उस्तादाकडे गाडी शिकायला लागलो.

इथं आधी लोखंडी पिंपांच्या मधून गाडी उलटी घालून दाखवायची, मग चढावर थांबवून मागं घसरू न देता पुढं काढायची, आणि शेवटी रस्त्यावरची परीक्षा. मी पिंपं पाडली, चढावर घसरले. उस्ताद ओमानी, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. "गलती करो, फिर करो. हाथ ऐसे ही बैठता," म्हणायचा. मी पडले निर्लज्ज, मनसोक्त चुका केल्या. नापास होत होत एकदाची पास झाले आणि लगेच दुकानासमोर बंपर घासून आले. वहिनी मात्र पहिल्या दोन्ही परीक्षा एका फटक्यात पास. पण रस्त्याची तारीख घ्यायची म्हटलं की, "लेन बदलणं अजून नीट येत नाही गं." उस्ताद सांगून दमला, "यल्ला, चलो मॅडम, खलास, तारीख लो." त्या आणखी एक क्लास लावायच्या. दिवस चालले होते.

शेवटी दादांनीच तारीख घेतली. गाडी छान चालवली वहिनींनी. परीक्षक सही करणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "सर, मघाशी वळताना माझा इंडिकेटर उशिरा लागला. पुन्हा एकदा करून दाखवू?" त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि नवी तारीख घ्या म्हणून सांगितलं. हे मला सांगताना त्यांचा आवाज अगदी शांत होता. "न येता पास व्हायचं म्हणजे चोरीच की." मी कपाळाला हात लावला. अहो, लागला उशिरा तर लागला, कुणाचं घोडं मारलं? नवी तारीख मिळायच्या आत शाळा सुरू झाली आणि जागा दुसऱ्या बाईंना गेली.

मग त्यांनी तारीख घेतलीच नाही. दुपारी वर जावं तर पडदे ओढलेले, आणि या स्वच्छ ओटा पुसतायत. एकदा मी भडकलेच. "सगळ्या जगाच्या चुका तुम्हाला चालतात, स्वतःचीच का चालत नाही?" त्या ओटा पुसतच राहिल्या. म्हणाल्या, "आपल्याला येतंय, असं मला कधी वाटतच नाही गं. कसं वाटतं ते?"  

दादांचं कंत्राट संपलं आणि ते सगळे परत निघाले, तेव्हा त्यांना विमानतळावर मीच सोडलं. दादा आणि लेक ट्रॉली आणायला गेले. मी गाडी बंद करून उतरले आणि म्हटलं, "वहिनी, नुसत्या बसा तरी माझ्या जागेवर एकदा." त्या बसल्या. सीट पुढं घेतली, आरसा लावला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. उस्तादानं जसे सांगितले होते तसेच, मी कधीच ठेवत नाही तसे. "किती मोठा दिसतो गं रस्ता इथून," म्हणाल्या. मग उतरल्या, आणि आपले हात लागले होते तेवढी जागा ओढणीनं पुसून दिली.

मला तिथंच रडू फुटलं. त्यांना गाडी येत होती हो. माझ्याहून कितीतरी चांगली येत होती.